डिझेल इंजिन बसलं? उघडायच्या आधी आणि नंतर या चुका टाळा

बावीस वर्षं गॅरेज चालवतोय आणि दर पावसाळ्यानंतर तेच ते बघून आता वैताग आलाय, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो. बोलतोय ते जास्त करून फियाटच्या १२४८ सीसीच्या डिझेल इंजिनाबद्दल, स्विफ्टपासून व्हिस्टापर्यंत कुठे कुठे बसलंय ते, लोक त्याला नॅशनल इंजिनच म्हणतात. पण बाकीच्या डिझेललाही यातलं बहुतेक सगळं लागू आहे.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारणाऱ्यांवर. अरे हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही! या इंजिनात पिस्टन पूर्ण वर आला की त्याच्यावर जागा उरते जेमतेम वीसेक मिली, म्हणजे खोकल्याच्या औषधाचे चार चमचे. त्याहून जास्त पाणी आत असेल आणि तुम्ही किल्ली फिरवली की पिस्टनला जायला जागा नाही, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा.

आता माझीच फजिती सांगतो. २०१९ चा ऑगस्ट, सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं, ओसरल्यावर आमच्याकडे गाड्यांची रांग. एका गुरुजींची गाडी आली, त्यांनी आधीच घरी तीन-चारदा सेल्फ मारून बघितलेला. आम्ही इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल, काढले, सेल्फने इंजिन फिरवलं, पाण्याचं कारंजं पार बॉनेटला लागलं, मग ऑइल, फिल्टर बदलले, टाकी धुतली आणि गाडी झाली चालू. आवाज पण बरा वाटला. पोरं खूश, गुरुजी खूश, मी तर इतका घाईत होतो की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवेचा दाब किती तयार होतो ते, बघायचं पण राहिलं. तेवीस दिवसांनी फोन आला, पेठ नाक्याच्या अलीकडे धाडकन आवाज होऊन गाडी बंद आणि रस्ताभर ऑइल. जाऊन बघतो तर दोन नंबरचा रॉड ब्लॉक फोडून बाहेर, मूठ आत जाईल एवढं भोक. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवल्यावर तीन नंबरचा पिस्टनही बाकीच्यांपेक्षा जवळजवळ एक मिलिमीटर खाली थांबत होता, म्हणजे तो रॉडही वाकलेला, फक्त त्याची पाळी यायची होती. ब्लॉक गेला, जुनं इंजिन शोधून बसवलं, मजुरी मी घेतली नाही, घेणार कुठल्या तोंडाने.

तेव्हापासून पाण्यातली गाडी आली की आधी चारही इंजेक्टर बाहेर, पाणी काढायचं, मग प्रत्येक भोकातून पितळेची सरळ कांडी पिस्टनवर टेकवायची आणि क्रँक पुली हाताने, सावकाश पान्याने फिरवत कांडी सगळ्यात वर कुठपर्यंत येते तिथे खूण करायची. सेल्फ अजिबात नाही, कांडी अडकली तर जोर नाही. चारातला एक जरी बुटका निघाला तरी हेड उतरवायचं, मग गिऱ्हाईक कितीही कुरकुरू दे. खुणा सारख्या आल्या तरी कॉम्प्रेशन घेतोच, चांगल्या इंजिनाला २५ ते ३० बार मिळतं आणि चारांत फार फरक नसतो. गेज डिझेलचाच वापरा, पेट्रोलचा लावून फोडलेला मी बघितलाय.

धूर बघून निदान करणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. ऑइलचं झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या बाजूने खाली निसटून तिथून बाहेर येणारी हवा, बघा, टर्बोचा पाइप काढून आत ऑइल किती आहे ते बघा, मग बोला.

दुसरं माझं दुखणं म्हणजे सिलिकॉन, गळती थांबवायला जोडावर लावतात ती पेस्ट. एक पोरगा पिकअप घेऊन आला, दोन महिन्यांत दोनदा बिग एंड बेअरिंग, म्हणजे रॉड क्रँकला जोडतो तिथलं, गेलेलं. आधीच्या मिस्त्रीने दोन्ही वेळा नवीन बेअरिंग टाकून दिलं, पण ते जातंय का हे कुणी बघितलंच नाही. चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची परात, खोलला तर ऑइल ओढणाऱ्या स्ट्रेनरच्या जाळीवर राखाडी शेवयांचा गोळा! चेंबरला सिलिकॉन थापीने लावल्यासारखा लावलेला, जास्तीचा आत पिळून निघाला, तुटला आणि जाऊन बसला जाळीवर, मग बेअरिंगला ऑइल मिळणार कुठून. तीन मिलिमीटरची बारीक रेघ पुरते, बोल्टच्या आतल्या बाजूने. आणि बेअरिंग एकदा गेलं की त्याचा चुरा सगळीकडे फिरलेला असतो, म्हणून ऑइल कूलर, गॅलरी म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटा, पिस्टनखालचे जेट सगळं धुवायचं, क्रँक मायक्रोमीटरने मोजायची. एमरी मारून चकचकीत केली म्हणजे क्रँक झाली असं नसतं, ओरखडे असतील तर लेथवाल्याकडे ग्राइंडिंग आणि घासून बारीक झालेल्या क्रँकला बसणारं अंडरसाइज बेअरिंग, दुसरा रस्ता नाही. टर्बो गेला असेल तर इंटरकूलर, म्हणजे टर्बोची हवा थंड करणारी जाळी, धुतल्याशिवाय नवीन टर्बो बसवू नका, जुन्याचे तुकडे तिथेच असतात.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. अंशात कसायचे हेड बोल्ट एकदा ताणले गेले की परत वापरू नका. ते बसवायच्या आधी ब्लॉकच्या भोकांत हवा मारा, आत ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट कसताना ब्लॉकला तडा जातो. हेड गॅस्केटवरच्या खुणा बघून जाडी घ्या, पिस्टन किती वर येतो ते डायल गेजने मोजून, दुकानदार देईल ती नाही. रॉडच्या कॅपा अदलाबदल करू नका, उतरवतानाच नंबर टाका. इंजेक्टरचे तांब्याचे वॉशर नवेच. आणि तो कापसाचा वेस्ट आतल्या पार्टला लावू नका रे, धागे तिथेच राहतात.

मोबाइलवर तासाभरात टायमिंग चेन बसवणारे व्हिडिओ मी पण बघतो, पण त्यात क्रँक आणि कॅम जागच्या जागी धरणाऱ्या लॉकिंग पिना लावलेला भाग कापलेला असतो आणि नवीन पोरं पिना न लावताच करायला जातात, मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

जोडून झाल्यावर इंजेक्टरच्या वायरचे प्लग काढून ठेवायचे आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबत थांबत सेल्फ मारायचा, मगच चालू. पहिलं ऑइल मी हजार किलोमीटरच्या आतच काढतो, त्यात धातूच्या चुऱ्याची चकाकी किती येते ते उन्हात धरून बघतो. पण गिऱ्हाइकाला दुसऱ्याच दिवशी सहकुटुंब गणपतीपुळ्याला जायचं असतं, घाटातून, एसी लावून. मग मी किल्ली खिशात घालून चहाला निघून जातो.