ट्यूब गिटार अ‍ॅम्पला स्पीकर जोडताना ओहमचा हिशेब

ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पची सवय असेल, तर जास्त ओहमचा (ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युत अडथळा मोजायचं एकक) स्पीकर कधीही चालतो असं वाटतं. ट्यूब अ‍ॅम्पमध्ये ते खरं नाही. तिथे सर्वांत घातक म्हणजे स्पीकरशिवाय वाजवणं. लोड, म्हणजे जोडलेला स्पीकर, नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर (ट्यूबकडच्या गुंडाळीवर) प्रचंड व्होल्टेज उसळतं, ट्यूबच्या सॉकेटमध्ये ठिणगी पडते नाहीतर ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन जातं. म्हणून आधी स्पीकर जोडा, मगच अ‍ॅम्प चालू करा.

कॅबिनेटवरचा (स्पीकरच्या पेटीवरचा) ओहमचा आकडा पुसला असेल, तर कॅबिनेटला केबल लावून तिच्या मोकळ्या टोकाला मल्टीमीटरने मोजा. मीटर फक्त डीसी रेझिस्टन्स दाखवतो, त्यामुळे 8 ओहमचा स्पीकर साधारण 6 ते 7 आणि 16 चा 12-13 दाखवेल. 

अ‍ॅम्पच्या मागे दोन स्पीकर जॅक असले की ते बहुधा समांतर असतात. 16 ओहमची दोन कॅबिनेट लावली की एकूण 8. सिलेक्टर (अ‍ॅम्पवरचं ओहम निवडायचं बटण) 8 वर ठेवा. सिलेक्टर फिरवायचा तो अ‍ॅम्प बंद करूनच.

फेंडर ट्विन रिव्हर्बचं उदाहरण घ्या. आतले 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर, म्हणजे 4 ओहम. जादा जॅकला आणखी 4 ओहमचं कॅबिनेट लावलं तर लोड 2 वर येतो. 16 ओहमचं लावलं तर 3.2 राहतो, हे जास्त सुरक्षित. मात्र त्या कॅबिनेटला फक्त एक पंचमांश ताकद मिळते, आवाज कमी येईल. या अ‍ॅम्पचा मुख्य जॅक रिकामा असला की तो स्वतःच शॉर्ट होतो, त्यामुळे नुसत्या जादा जॅकला स्पीकर लावला तर आवाजच येत नाही. ट्यूब अ‍ॅम्पला थोडा वेळ शॉर्ट सोसतो, उघडा जॅक सोसत नाही. म्हणून ही सोय.

ओहम जुळतच नसतील तर? ट्रान्सफॉर्मर स्पीकरचा लोड ठरावीक पटीत वाढवून ट्यूबना दाखवतो. 8 च्या जॅकवर 16 लावलात तर ट्यूबनाही दुप्पट लोड दिसतो, व्होल्टेजचे उसळते झटके वाढतात. 4 लावलात तर करंट वाढतो, ट्यूब लवकर झिजतात. दुपटीचा फरक कमी आवाजात एखाद्या वेळी निभावतो, चौपटीचा अजिबात नको.

केबल स्पीकरचीच हवी, 16 किंवा 18 गेजची. गिटारच्या शिल्डेड केबलची बारीक तार तापते; ती तुटली की लोड गेलाच.