आर्चबिशप रोमेरो वाचायचे, तर रविवारच्या प्रवचनांपासून

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरमध्ये सरकारी दडपशाहीविरुद्ध बोलणारे कॅथलिक आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांच्याबद्दल कुणी वाचायला मागितलं, की 24 मार्च 1980 चं काहीही मी आधी देत नाही. मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, चालू असताना त्या दिवशी झालेला त्यांचा खून आधी वाचला, की त्यांचं सगळं आयुष्य त्या गोळीच्याच दिशेनं चाललेलं वाटू लागतं.

त्याऐवजी एक वही घ्या, पानाचे दोन रकाने करा. डावीकडे त्या आठवड्यात देशात काय घडलं ते लिहा, उजवीकडे रविवारी रोमेरो काय बोलले ते. सुरुवात मार्च 1977 पासून. रोमेरो आर्चबिशप होऊन महिनाही झाला नव्हता. 12 तारखेला त्यांचे मित्र, गरीब शेतकऱ्यांमध्ये काम करणारे फादर रुतिलिओ ग्रांदे यांना एका वृद्धासह आणि एका मुलासह रस्त्यात मारलं गेलं. 20 तारखेच्या रविवारी रोमेरो यांनी धर्मप्रांतातल्या बाकी सगळ्या मिस्सा रद्द करून कॅथेड्रलमध्ये एकच मिस्सा केली. पोपच्या प्रतिनिधीचा विरोध होता, तरीही. इथं घाई करू नका. नव्या, जुन्या वळणाच्या समजल्या जाणाऱ्या बिशपानं हे करणं किती मोठं होतं, ते आधी मनात मुरू द्या.

प्रवचनं लांबलचक आहेत. वाचक शास्त्रवचनांचा भाग वाचतात आणि आठवड्याच्या घडामोडी गाळतात. कृपा करून तसं करू नका. मारलेल्यांची, बेपत्ता झालेल्यांची नावं ते तिथं वाचून दाखवत. ती मोठ्यानं वाचा. गावोगावचे लोक वायएसएएक्स या चर्चच्या रेडिओवर हे ऐकत. त्या केंद्रावर बॉम्बही टाकले गेले.

मग मागे जा. ग्रांदे यांच्या खुनानं रोमेरो एका रात्रीत बदलले, असं सांगतात. ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण मला ती पटत नाही. 1974 मध्ये ते सांतियागो दे मारियाचे बिशप झाले. कॉफीच्या तोडणीला आलेल्या मजुरांना रात्री झोपायला त्यांनी चर्चच्या जागा उघडून दिल्या. 1975 मध्ये त्रेस काय्येस या गावी नॅशनल गार्ड या सरकारी सशस्त्र दलानं शेतकरी मारले, तेव्हा ते कुटुंबांना भेटले आणि राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिलं, पण जाहीरपणे बोलले नाहीत. ही दोन्ही टोकं वहीत शेजारी शेजारी लिहा.

31 मार्च 1978 पासून ते टेपवर रोजनिशी बोलत असत. तिच्यात थकवा आहे, सोबतच्या बिशपांशी मतभेद आहेत. संत म्हणून त्यांना मानणाऱ्यांनी तर ती वाचलीच पाहिजे.

राजधानी सान साल्वादोरला जाणं झालं, तर कॅथेड्रलच्या तळघरातली समाधी पाहाच, पण जास्त वेळ दिविना प्रोविदेन्सिया रुग्णालयात काढा. कॅन्सरच्या रुग्णांच्या त्या आवारातल्या लहानशा घरात ते राहत, आणि तिथल्याच चॅपलमध्ये त्यांचा खून झाला.

आता 23 मार्च 1980 चं प्रवचन उघडा. त्यात ते सैनिकांना देवाच्या नावानं दडपशाही थांबवायला सांगतात. त्यानंतर 24 तारीख, आणि मग खुनाचा आदेश कुणी दिला हे सांगणारा, देशातल्या यादवी युद्धानंतर नेमलेल्या सत्यशोधन आयोगाचा 1993 चा अहवाल. 14 ऑक्टोबर 2018 रोजी मिळालेलं संतपद सगळ्यात शेवटी वाचा.