गावातल्या घरात लेकरांसाठी स्कँडिनेव्हियन खोली कशी करावी

स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क या स्कँडिनेव्हियन देशांत हिवाळ्यात उजेडाची फार टंचाई असते. डिसेंबरात स्टॉकहोमचा दिवस जेमतेम सहा तासांचा. त्याच दिवसांत आपल्या वर्धा-नागपूरकडे दिवस जवळपास अकरा तासांचा असतो. म्हणून तिकडच्या घरांत भिंती पांढऱ्या, लाकूड फिकट आणि खिडक्या बिनपडद्याच्या. आत आलेला कवडसाही वाया जाऊ द्यायचा नाही. आपल्याकडे वैशाखात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा त्यांच्या खिडक्या जशाच्या तशा उचलून आणल्या तर लेकरू भाजून निघेल. पण मोकळी जमीन, फिकट भिंती, तेल दिलेलं साधं लाकूड आणि लेकराच्या उंचीचं सामान या गोष्टी कवेलूच्या काय आणि टिनाच्या काय, कुठल्याही घरात चपखल बसतात. त्यासाठी शहरातून फर्निचर आणायची गरज नाही. गावचा सुतार, गावचा बुरड आणि चुना एवढ्यात भागतं.

आधी खोली रिकामी करा

कापूस विकून झाला की हे काम काढा. बहुतेक घरांत लेकरांची खोली नावालाच त्यांची असते. कापसाचा ढीग, तुरीची पोती, फवारणीचा पंप, पाहुण्यांच्या गाद्या, सगळं तिथंच. साठवलेल्या कापसाजवळ झोपून लेकरांच्या अंगाला खाज सुटते, हे दिसत असूनही भाव वाढेपर्यंत आपण सोसतो. निदान एक भिंत आणि तिच्यालगतची सहा बाय आठ फूट जागा कायमची त्यांची ठरवा. वेगळी खोली नसेल तर मधल्या खोलीचा कोपराही चालेल.

फवारणीची औषधं, पंप आणि रिकामे डबे मात्र त्या खोलीत एक दिवसही नकोत. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण पाहिलं आहे. हे सामान घराबाहेर, कुलपात ठेवा.

थोडक्या सामानाची खोली कशी दिसते ते पाहायचं असेल तर लेकरांना घेऊन सेवाग्रामला जा. 1936 साली गांधीजी तिथं राहायला आले, तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू, जमिनीवरची बैठक आणि लागेल तेवढंच सामान. मला तर स्कँडिनेव्हियन खोलीचं सगळ्यात जवळचं उदाहरण तेच वाटतं.

भिंतीची पुताई

मातीच्या भिंतीला प्लास्टिक पेंट लावू नका. भिंतीतली ओल आत कोंडते आणि पावसाळ्यानंतर पापुद्रे सुटतात. चुनाच बरा. विझवलेला चुना रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी जुन्या धोतराच्या कापडानं गाळा आणि थोडा डिंक घाला. भिंत आधी पाण्यानं ओली करून पातळ हात द्या. ओला चुना पारदर्शक दिसतो, म्हणून लोक घाईनं जाड थर देतात आणि मग तो झडतो. वाळल्यावरच तो पांढरा होतो. असे दोन-तीन हात द्या. चुना डोळ्यात गेला तर इजा होते, तेव्हा काम चालू असताना लेकरांना लांब ठेवा.

नीळ घालू नका, तिनं भिंत थंड, निळसर दिसते. त्याऐवजी चिमूटभर रामरज, म्हणजे पिवळी माती घातली की दुपारच्या उजेडात डोळे दिपत नाहीत. खालचे तीन फूट गेरूचा पट्टा ओढा. काळ्या मातीचे हात तिथंच लागणार.

लाकूड आणि जवसाचं तेल

तिकडे पाईन आणि बर्च ही फिकट लाकडं वापरतात. आपल्याकडे रंगानं त्यांच्या जवळ जाणारं लाकूड म्हणजे शिवण. मिळालं नाही तर जुन्या घराचं उतरवलेलं सागवान घ्या. ते गडद असतं, पण उधई सहसा लागत नाही. स्वस्तातलं प्लायवूड ओलीनं फुगतं, ते टाळा.

सनमायका किंवा चकचकीत पॉलिश नको. स्वीडनमध्ये लाकडाला जवसाचं तेल द्यायची जुनी रीत आहे, आणि जवस तर आपल्या शेतातला. सुतारानं रंधा मारलेली फळी आधी 120 आणि मग 220 नंबरच्या पॉलिश पेपरनं रेषांच्या दिशेनं घासा. सुती चिंधीनं घाण्याचं तेल चोळा, अर्धा तास थांबा आणि वर राहिलेलं तेल कोरड्या कापडानं पूर्ण पुसा. बोट फिरवल्यावर ओशट लागलं तर अजून पुसायचं आहे. घाण्याचं तेल वाळायला आठवडाभर लागू शकतो. त्यानंतरच दुसरा हात. वाळवायला वैशाखाची कोरडी हवा उत्तम. श्रावणात हे काम काढलं तर फळी चिकटच राहील. दुकानातलं डबल बॉईल तेल लवकर वाळतं, पण त्यात रसायनं असतात. लेकरांच्या सामानाला मी घाण्याचंच वापरा म्हणेन.

आणि हे विसरू नका: तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकायचा नाही. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात भिजवून अंगणात एकेक पसरा, वाळल्यावरच फेका.

मापं लेकराची घ्या

पहिली-दुसरीतल्या, पावणेचार फुटांच्या आसपासच्या लेकराला बसायला 12 इंच आणि लिहायला 21 इंच उंची पुरते. पाय जमिनीवर टेकले पाहिजेत. खुंट्या त्याच्या खांद्याइतक्या, तीन फुटांवर ठोका. मग दप्तर आणि शाळेचा ड्रेस तो स्वतः अडकवतो. नॉर्वेच्या पीटर ऑप्सविक यांनी 1972 साली बैठक वर-खाली सरकवता येणारी लहान मुलांची खुर्ची केली. मूल वाढतं तशी तीही वाढते. सुताराला सांगा, मांडणीच्या उभ्या पट्ट्यांना दर चार इंचांवर भोकं पाड. दरवर्षी फळी वर सरकवता येईल. मांडणी भिंतीला क्लॅम्पनं पक्की करा, कारण लेकरं तिच्यावर चढणारच.

खेळण्यांसाठी बुरडाकडून झाकण नसलेल्या दोन उथळ टोपल्या विणून घ्या. काड्या वर आलेल्या असतील तर त्या घासून घ्या.

खिडकी, कूलर आणि झोप

अभ्यासाची जागा उत्तर किंवा पूर्व खिडकीशी ठेवा. पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा पडदा लावा आणि दुपारी त्यावर पाणी मारा. कूलरची तार लेकराच्या हाताला लागेल अशी नको, आणि अर्थिंग वायरमनकडून तपासूनच घ्या. टाकीतलं पाणी आठवड्याला काढून टाका, नाहीतर त्यात डेंग्यूचे डास होतात. पुस्तकं कूलरच्या झोताबाहेर ठेवा.

खाट भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून इतकी उंच हवी, की खाली वाकलं तर पलीकडची भिंत दिसेल. विंचू-सापाच्या दिवसांत ही मोकळी जागा फार मोलाची. गालिचा नको, त्यात धूळ बसते. सुती सतरंजी अंगणात झटकता येते. पांढऱ्या मच्छरदाणीला आढ्यावरून एक कडी द्या. ट्यूबलाइटच्या जोडीला पिवळसर उजेडाचा छोटा एलईडी दिवा झोपायच्या वेळी लावा, आणि तो चार्जिंगचा घ्या, म्हणजे लाइट गेली तरी वाचन चालू राहतं.