तीन वायरी दिसल्या म्हणून टीपीएस समजू नका

जुन्या गाडीच्या थ्रॉटल बॉडीवर (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या भागावर) तीन वायरींचा काळा डबा दिसला की आमच्याकडची पोरं लगेच ‘टीपीएस गेला’ म्हणतात, म्हणजे थ्रॉटल किती उघडलाय ते सांगणारा सेन्सर. बॉशच्या एल-जेट्रॉनिक या जुन्या पेट्रोल इंजेक्शनवाल्या गाड्यांत तिथे बहुधा साधा स्विच असतो. त्याला दोनच गोष्टी कळतात: पाय पूर्ण वर, नाहीतर जवळजवळ पूर्ण खाली.

इग्निशन बंद करा, कनेक्टर काढा, मल्टिमीटर बीपवर लावा (दोन पिना आत जोडलेल्या असल्या की वाजतो). पिनांवर बहुतेकदा २, १८, ३ असे आकडे असतात, १८ कॉमन. थ्रॉटल मिटलेला असताना १८-२ वाजलं पाहिजे, जरा उघडताच थांबलं पाहिजे. शेवटाला १८-३ वाजतं. मधे शांतता, आणि ती बिघाड नव्हे! १८-२ वाजत नसेल तर आधी केबल ताणलेली नाही ना बघा, मग स्क्रू सैल करून स्विच किंचित फिरवा. नवा घ्यायची घाई नको.

खरा टीपीएस म्हणजे रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा पोटेन्शिओमीटर. कनेक्टर लावूनच, इग्निशन चालू ठेवून सिग्नल वायर मोजा: साधारण ०.५ व्होल्टपासून ४.५ च्या आसपास सलग चढायला हवा. काटेवाला मीटर असेल तर उत्तम, मधली उडी लगेच दिसते. उडी म्हणजे आतला पट्टा झिजला. हलक्या रेसवर गाडी झटके देते ती यानेही.

एकाच्या जागी दुसरा बसवू नका, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) कळणार नाही.