ट्रायग्लिसराइड वाढलंय? आधी किराणाची यादी काढा

लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीत, ट्रायग्लिसराइड (या चरबीचा एक प्रकार) १५०च्या वर दिसलं की घरात पहिली कात्री तेल-तुपाला लागते. साखरेचा डबा जागचा हलत नाही. साखरेतला निम्मा भाग ग्लुकोज आणि निम्मा फ्रुक्टोज (फळांतही असते ती साखर) असतो आणि जास्तीचं फ्रुक्टोज मुख्यतः यकृतालाच निस्तरावं लागतं. ग्लुकोज वापरताना यकृताला 'आता पुरे' म्हणता येतं. फ्रुक्टोज त्या लगामाला वळसा घालून पुढे जातं. मग त्याची चरबी बनते. काही यकृतातच साठते, बाकीची ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात उतरते. युरिक ॲसिडही वाढतं ते याच वाटेने.

आता हिशेब. महिन्याला येणारी साखर आणि गूळ एकत्र करा, घरातल्या माणसांनी भागा, मग ३०ने भागा. चौघांत ५ किलो साखर आणि १ किलो गूळ म्हणजे माणशी रोज ५० ग्रॅम. रोज २००० कॅलरी खाणाऱ्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची कमाल मर्यादा इथेच भरली, आणि बिस्किटं, सरबतं, बाहेरचा चहा अजून धरलेलाच नाही. २५ ग्रॅमच्या आत राहिलेलं अधिक चांगलं. म्हणजे चौघांना महिन्याला सगळं मिळून ३ किलो.

कात्री आधी पेयांना लावा. ३०० मिली कोलात ३० ग्रॅमच्या वर साखर असते आणि ती दोन मिनिटांत पोटात जाते. उसाचा रस, पॅकबंद फळांचा रसही त्याच रांगेतले. चहात दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. चमचा सपाट भरा, शीग लावलेल्या चमच्यात साखर दीडपट सहज जाते.

इथे हमखास चुका होतात. साखर बंद करून गूळ किंवा मध सुरू केला, तर फ्रुक्टोज जवळपास तेवढंच राहतं. बिस्किटाच्या पुड्यावर 'इन्व्हर्ट सिरप' लिहिलं असेल तर तीही साखरच. 'मधुमेहींसाठी' म्हणून फ्रुक्टोज घालून केलेली मिठाई तर अजिबात नको: तिने रक्तातली साखर कमी चढते, पण यकृतावरचा भार तसाच. उलट आख्खी फळं विनाकारण तोडली जातात. एका मध्यम सफरचंदात साधारण १० ग्रॅम फ्रुक्टोज असलं तरी सोबत चोथा असतो, चावायला वेळ लागतो. दिवसाला एक-दोन फळं खुशाल खा. साखर सोडून पोट मैद्याने भरलं किंवा दारू चालूच ठेवली, तर मात्र आकडा हलणार नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. १२ तास उपाशी राहा, पाणी चालेल. आधीचे दोन दिवस दारू आणि लग्नाचं जेवण टाळा. त्याच दिवशी कंबरही मोजा: पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८० सेंटिमीटरपासून पुढे धोका धरतात. ट्रायग्लिसराइड ५००च्या वर असेल तर तीन महिने थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते. चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका.