फोन कंपनीचं अधिग्रहण फळलं की फसलं: हिशेब कसा मांडायचा

गूगलने मोटोरोला मोबिलिटी १२.५ अब्ज डॉलरला घेतली आणि २.९१ अब्जाला लेनोव्होला विकली, म्हणजे साडेनऊ अब्ज पाण्यात गेले, असं सर्रास लिहिलं जातं. आकडे दोन्ही खरे आहेत, वजाबाकी मात्र चुकीची आहे, कारण घेतलेली वस्तू आणि विकलेली वस्तू एक नव्हती. अशा सौद्याचं गणित स्वतः मांडायचं असेल तर खरेदीदार कंपनीचे तीन वर्षांचे वार्षिक अहवाल, सौद्याच्या दिवशीचं निवेदन आणि विभागवार तिमाही आकडे एवढं पुरतं. कंपनी अमेरिकी असेल तर ‘टेन-के’ नावाचा वार्षिक अहवाल घ्या. सजवलेल्या सादरीकरणापेक्षा त्यातल्या तळटिपा जास्त बोलतात.

निव्वळ किंमत काढा

मथळ्यातली किंमत बाजूला ठेवा आणि अहवालात खरेदी किमतीची वाटणी शोधा. ती अधिग्रहणांच्या टिपेत असते. मोटोरोलाचा सौदा १५ ऑगस्ट २०११ला जाहीर झाला, २२ मे २०१२ला पूर्ण झाला आणि हिशेबात किंमत लागली १२.४ अब्ज. तिची वाटणी अशी: रोकड २.९ अब्ज, पेटंट व विकसित तंत्रज्ञान ५.५ अब्ज, गुडविल २.६ अब्ज, ग्राहकसंबंध ०.७३ अब्ज आणि उरलेली इतर मालमत्ता ०.६७ अब्ज. कंपनीच्या तिजोरीतली रोकड खरेदीदाराकडेच येते, त्यामुळे ती आधी वजा करा. राहिले ९.५ अब्ज.

गुडविलच्या ओळीवर थोडं थांबा. कशाचे पैसे दिले हे नेमकं सांगता येत नाही, अशी रक्कम या ओळीत जाते. मोटोरोलात ती एकूण किमतीच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी होती. मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोन व्यवसाय घेतला त्यात किंमत साडेनऊ अब्ज डॉलर (त्यात दीड अब्ज रोकड) आणि गुडविल जवळपास साडेपाच अब्ज, म्हणजे अर्ध्याहून जास्त. बुडत्या कंपनीच्या सौद्यात गुडविल एवढं फुगलेलं दिसलं की पुढे राइट-ऑफ (मालमत्तेची किंमत वहीतून खोडून तोटा मान्य करणं) येणार, असं गृहीत धरायला माझी हरकत नाही.

काय घेतलं आणि काय फक्त वापरायला मिळालं

नोकियाचा सौदा सप्टेंबर २०१३मध्ये ५.४४ अब्ज युरोंना ठरला. त्यातले ३.७९ अब्ज फोन व्यवसायाचे आणि १.६५ अब्ज पेटंट वापरण्याच्या दहा वर्षांच्या परवान्याचे. पेटंटची मालकी नोकियाकडेच राहिली. म्हणजे फोन चालले नाहीत तर विकून पैसे सोडवता येतील असं मायक्रोसॉफ्टच्या हाती फारसं काही नव्हतं. गूगलने मात्र मोटोरोला पुढे विकताना बहुतेक सगळी पेटंट स्वतःकडे ठेवली.

सौद्यातून काय गळलं तेही पाहा. नोकियाचा चेन्नईजवळचा श्रीपेरुंबुदूरचा कारखाना करवादात अडकल्यामुळे मायक्रोसॉफ्टकडे गेलाच नाही. काही महिने त्याने मायक्रोसॉफ्टसाठी कंत्राटावर फोन बनवले, आणि १ नोव्हेंबर २०१४ला तो बंद पडला. उत्पादनक्षमता मोजताना असा कारखाना चुकून खरेदीदाराच्या खात्यात धरला जातो.

परत आलेले पैसे मांडा

गूगलने मोटोरोलाचा सेट-टॉप बॉक्सचा विभाग अ‍ॅरिसला २.३५ अब्जाला विकला. मग लेनोव्होचे २.९१ अब्ज. ९.५ मधून दोन्ही वजा केले की ४.२४ अब्ज उरतात. पेटंटच्या गठ्ठ्याची, चालू तोटे धरण्याआधीची, खरी किंमत ही.

विक्रीची रक्कम रोख होती का, हेही तपासायला हवं. लेनोव्होचे ६६ कोटी डॉलर रोख, ७५ कोटींचे शेअर आणि दीड अब्जाची तीन वर्षांची वचनचिठ्ठी होती. अ‍ॅरिसच्या रकमेतही काही भाग शेअरचा होता. काटेकोर हिशेब करायचा तर शेअर प्रत्यक्ष विकले गेले तेव्हाच्या भावाने धरा आणि वचनचिठ्ठीवर तीन वर्षांचं व्याज कापा.

चालू तोटे

इथे सर्वात जास्त चुका होतात. २०१३च्या चार तिमाहींत मोटोरोलाचा तोटा अनुक्रमे २७.१, ३४.२, २४.८ आणि ३८.४ कोटी डॉलर होता. बेरीज सुमारे सव्वा अब्ज. पण ही बेरीज सरळ ४.२४ मध्ये मिळवू नका. या तोट्यात पेटंट आणि ग्राहकसंबंधांचं अमॉर्टायझेशन, म्हणजे अमूर्त मालमत्तेचा घसारा, आधीच बसलेला असतो. ती रक्कम तुम्ही खरेदी किमतीत एकदा मोजली आहे. तोट्याच्या आकड्यातून अमॉर्टायझेशन काढा, उरेल तेवढीच भर घाला.

राइट-ऑफचंही तेच. ८ जुलै २०१५ला, सौदा पुरा होऊन जेमतेम चौदा महिने झाले असताना, मायक्रोसॉफ्टने नोकिया व्यवसायाचे ७.६ अब्ज राइट-ऑफ केले. साडेनऊ अधिक ७.६ मिळून सतरा अब्ज बुडाले, असं म्हणणं चूक आहे. पैसे एप्रिल २०१४मध्येच गेले होते, जुलै २०१५मध्ये फक्त तशी कबुली आली. नवा खर्च होता तो पुनर्रचनेचा: २०१४मध्ये १.१ ते १.६ अब्जांचा अंदाज, १८,००० पर्यंत नोकऱ्यांची कपात; २०१५मध्ये आणखी ७५ ते ८५ कोटी आणि ७,८०० पर्यंत नोकऱ्या. हे मात्र पूर्ण मिळवा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो तो या ओळीत. शेवटी २०१६मध्ये साध्या फोनचा धंदा ३५ कोटी डॉलरला एफआयएच मोबाइल आणि एचएमडीला गेला. जमेची मोठी नोंद म्हणावी अशी ही एकच.

पेटंटला किती भाव द्यायचा

मोटोरोलाकडे सुमारे १७,००० मंजूर पेटंट होती. त्याच उन्हाळ्यात, जुलै २०११मध्ये, नॉर्टेल या दिवाळखोर टेलिकॉम कंपनीची साधारण ६,००० पेटंट अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट आणि इतरांच्या गटाने ४.५ अब्जांना घेतली होती. नगाला साडेसात लाख डॉलर. हा दर १७,०००ला लावला की पावणेतेरा अब्ज होतात आणि अख्खी मोटोरोला फुकट पडल्यासारखी वाटते. त्या वेळी हा गुणाकार मोहात पाडणारा होता.

तो का फसतो? मोटोरोलाची बरीच वजनदार पेटंट वाय-फाय आणि व्हिडिओच्या मानकांत, म्हणजे सगळ्या कंपन्यांनी पाळायच्या ठरलेल्या तांत्रिक नियमांत, समाविष्ट होती. अशी पेटंट रास्त आणि भेदभाव नसलेल्या दराने सगळ्यांना द्यावी लागतात. मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या खटल्यात मोटोरोलाची मागणी वर्षाला सुमारे ४ अब्ज डॉलरवर जात होती. एप्रिल २०१३मध्ये सिएटलच्या न्यायालयाने दर ठरवला तो वर्षाला जेमतेम १८ लाखांचा. म्हणून पेटंट दोन गठ्ठ्यांत मोजा. मानकांत गेलेली जवळपास शून्याला धरा, बाकीच्यांना भाव द्या. पेटंटच्या धाकामुळे जे खटले झालेच नाहीत त्यांची किंमत कुठल्याच अहवालात सापडत नाही. ४.२४ अब्ज वसूल झाले की नाही यावर एकमत होत नाही ते यामुळे. तिथे एक आकडा न देता किमान-कमाल पट्टा लिहा.

फोनमागचा नफा आणि भागीदार

सौदा जाहीर करताना मायक्रोसॉफ्टने मांडलेलं गणित साधं होतं: जुन्या करारात (फोन नोकियाचा, आतली विंडोज फोन प्रणाली मायक्रोसॉफ्टची) प्रत्येक फोनमागे १० डॉलरहून कमी सुटतात, कंपनी घेतली तर ४० हून जास्त सुटतील. २०१८पर्यंत बाजारातला १५ टक्के हिस्सा गृहीत धरला होता. असं गणित दिसलं की ताडून पाहा, त्या ४० डॉलरमधून काय काय भागवायचं आहे. कारखाने, न खपलेला साठा, हजारो पगार, जाहिरात हे सगळं आता खरेदीदाराच्या अंगावर येतं. संख्या वाढली नाही तर फोनमागे चौपट सुटूनही खड्डा भरत नाही.

सोबत भागीदारांचा एक रकाना ठेवा. तुमची फोन चालवणारी प्रणाली (जशी गूगलची अँड्रॉइड) इतर कंपन्याही वापरत असतील तर तुम्ही त्यांचे प्रतिस्पर्धी झालात. सॅमसंग आणि इतरांना बिथरवायचं नाही म्हणून गूगलने मोटोरोला वेगळी, हातभर अंतरावर चालवली. त्याची किंमत अशी की एकत्र येण्याचा फायदाही मिळाला नाही. मायक्रोसॉफ्टला हा प्रश्न कमी होता, कारण बहुतेक सगळे विंडोज फोन नोकियाच बनवत होती. अर्थात हेच त्या प्रणालीचं खरं दुखणं होतं.

संयमही किमतीत धरावा लागतो. एचपीने २०१०मध्ये १.२ अब्जांना पाम ही फोन कंपनी घेतली. तिच्या वेबओएस या प्रणालीवर चालणारा टचपॅड हा टॅबलेट १ जुलै २०११ला बाजारात आला आणि १८ ऑगस्टला, ४९ दिवसांत, गुंडाळला. तेच वेबओएस २०१३मध्ये एलजीने घेतलं आणि टीव्हीत घातलं.

हेच स्वस्तात मिळालं असतं का

शेवटचा रकाना पर्यायाचा. २०१७मध्ये ठरलेल्या सौद्यात गूगलने १.१ अब्ज डॉलर देऊन एचटीसी या फोन कंपनीचे सुमारे २,००० लोक आणि पेटंट वापरण्याचा, फक्त गूगलपुरता नसलेला, परवाना घेतला. पिक्सेल फोनवर आधीपासून काम करणारी माणसं त्यात होती. कारखाना घेतला नाही, साठा घेतला नाही, ब्रँडही एचटीसीकडेच राहिला. इथे खर्च झटकन लिहिता येतो, जमा लिहिणं अवघड जातं: या चमूचा वेगळा विभाग अहवालात नाही आणि पिक्सेलचं उत्पन्न इतर विक्रीत मिसळलेलं असतं.