मॅन्युअल टेस्टिंगला एआय मॉडेलची जोड: सोयाबीन नोंदणीच्या फॉर्मवरून

मॅन्युअल टेस्टिंग करताना, म्हणजे ॲप हाताने चालवून तपासताना, मदतीला चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड यांपैकी कोणतंही मॉडेल घ्या, पण एक गोष्ट आधी पक्की करा. काय तपासायचं हे त्याला सुचवू द्या. बरोबर उत्तर काय, हे रिक्वायरमेंटमधूनच (ॲपने काय करायचं ते लिहिलेल्या कागदातूनच) घ्या.

उदाहरणाला लातूरकडचं काम घेऊ: हमीभावाने सोयाबीन विकण्यासाठी शेतकऱ्याची नोंदणी करणारं ॲप. या खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के. २०२४ च्या खरीप हंगामात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. टेस्ट केस म्हणजे काय टाकलं की काय निकाल यायला हवा, याची एक नोंद. मॉडेलला नुसतं 'सोयाबीन नोंदणीच्या टेस्ट केस दे' म्हटलं, तर ते १२ धरून बसू शकतं. तुमच्या कागदावर १५ असेल तर मर्यादेच्या काठावरची प्रत्येक केस चुकली, आणि तक्ता इतका नीटनेटका दिसतो की चूक नजरेतून सुटते.

म्हणून रिक्वायरमेंटच्या प्रत्येक वाक्याला नंबर द्या. 'नि-१: ओलावा ० ते १५ टक्के, एक दशांश स्थळ.' मग लगेच केस मागू नका. आधी हे लिहा:

'टेस्ट केस अजून लिहू नकोस. या नियमांत काय स्पष्ट नाही ते विचार.'

१५.०४ टाकलं तर राउंड करायचं की नाकारायचं, असले प्रश्न इथे वर येतात. ते बीएला (रिक्वायरमेंट लिहिणाऱ्या बिझनेस ॲनालिस्टला) विचारा आणि उत्तरं नियमांत जोडा. हा टप्पा गाळू नका, मॉडेलचा सगळ्यात जास्त उपयोग इथेच होतो.

आता केस मागा, पण एका वेळी एकाच फील्डच्या (फॉर्ममधल्या एका रकान्याच्या) दहा-बारा. एकदम पन्नास मागितल्या की तीच केस शब्द फिरवून परत येते. सोबत अट घाला: 'प्रत्येक केससमोर नियमाचा नंबर लिही. नियम नसेल तर अपेक्षित निकालात "विचारायचे" लिही.' ही अट नसेल तर ॲपमध्ये नसलेली बटणं आणि एरर मेसेजही तक्त्यात येतात. ओलाव्यासाठी किमान -०.१, ०, १४.९, १५, १५.१ आणि रिकामं फील्ड आलंय का पाहा. देवनागरी आकडे टाकल्यावर काय होतं, हे बहुतेक वेळा आपल्यालाच जोडावं लागतं.

टेस्ट डेटात आपल्या भागाची माहिती हवीच. जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड या शहरांचे पिनकोड ४३१ ने सुरू होतात; लातूर आणि धाराशिव शहरांचे मात्र ४१३ ने. 'मराठवाडा म्हणजे ४३१' असं व्हॅलिडेशन (टाकलेली माहिती स्वीकारायची की नाही हे ठरवणारी तपासणी) कुणी लिहिलं असेल तर लातूरचा ४१३५१२ अडकेल. जुन्या नोंदींत औरंगाबाद, उस्मानाबाद असतं, नव्यांत छत्रपती संभाजीनगर, धाराशिव. दोन्ही नावांनी शोधून पाहा. 'शेतकऱ्या' मधला 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टाइप होतो. पडद्यावर सारखाच दिसतो, पण आतले कोड वेगळे असल्याने सर्चला सापडत नाही. असा बग मॉडेलने सुचवला तरी तो प्रत्यक्ष कीबोर्ड बदलूनच पकडावा लागतो.

मोजणीच्या बाबतीत मॉडेलवर विसंबू नका. ते मजकूर एकेक अक्षर करून वाचत नाही, तुकड्यांत वाचतं; ५० अक्षरांचं नाव मागा, ४६ किंवा ५३ चं येऊ शकतं. स्प्रेडशीटमधल्या लेन (LEN, लांबी मोजणाऱ्या) फंक्शनने मोजा. 'लक्ष्मी' डोळ्यांना दोन अक्षरं, लेनला सात, आणि यूटीएफ-८ मध्ये (मजकूर साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) २१ बाइट. डेटाबेसची मर्यादा बाइटमध्ये असेल तर नाव मध्येच तुटतं. आधारचंही तसंच: शेवटचा अंक व्हर्होफ पद्धतीचा चेक अंक (आधीच्या अंकांवरून हिशोबाने काढलेला) असतो, आणि मॉडेलने बनवलेला नंबर त्यात सहसा बसत नाही. त्यासाठी छोटी स्क्रिप्ट वापरा. खऱ्या शेतकऱ्याचा आधार, सातबारा किंवा बँक खातं चॅटमध्ये कधीही पेस्ट करू नका. प्रॉडक्शनचा, म्हणजे खरे शेतकरी वापरतात त्या ॲपचा, स्क्रीनशॉटही नको.

केस चालवायच्या हातानेच, साध्या अँड्रॉइड फोनवर, नेट मध्येच बंद करून. सबमिट दाबल्यावर नेट गेलं तर नोंदणी दोनदा होते का, ते बघा.

बग सापडला की तुटक टिपणं मॉडेलला द्या: बिल्ड नंबर (ॲपच्या आवृत्तीचा क्रमांक), फोन, पायऱ्या, काय झालं, काय व्हायला हवं होतं. वर लिहा, 'मी दिलं नाही ते भरू नकोस. कमी असेल तिथे "माहिती हवी" लिही.' रिपोर्ट आला की त्यातल्याच पायऱ्यांनी बग पुन्हा काढून पाहा. निघाला नाही, तर बहुतेक तुमच्या टिपणातली एखादी पायरी गळलेली असते किंवा मॉडेलने एखादी घुसवलेली असते.